आमच्या आजोबांचं सांबर

माझ्या मूर्खपणाचे बरेच नमुने तुम्ही ऐकलेत, पण हा ऐकाच. चहा गार झाला तरी चालेल!

२००६-०७ची गोष्ट. बदलापुरात, बेलवलीला आमची सोसायटी आणि मी तिचा सेक्रेटरी. म्हणजे गळक्या टाकीपासून भटक्या कुत्र्यांपर्यंत सगळ्याला जबाबदार! त्या ऑक्टोबरात मला वन्यजीवांचा पुळका आला. वन्यजीव सप्ताह साजरा करायचं ठरवलं. ज्या सोसायटीने आजवर एक पाल जिवंत सोडली नाही, त्या सोसायटीत!

माझ्या हॉलच्या भिंतीवर सांबराची शिंगं होती. येणाऱ्याजाणाऱ्याला मी सांगायचो, "आजोबांची शिकार. एकाच गोळीत!" आता तुमच्यापासून काय लपवू? ती उल्हासनगरच्या एका दुकानातली, चक्क प्लास्टिकची. दुकानदार म्हणाला होता, "साईं, असली से भी असली लगेगा." हे बायकोलाही ठाऊक नव्हतं.

तर सप्ताहासाठी सोसायटीच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं आणि ती शिंगं मी मधोमध मांडली. आणि पाहुणे म्हणून बोलावलं कोणाला? वनखात्याच्या अधिकाऱ्याला! आहे की नाही हुशारी?

साहेब शिंगांपाशी थबकले. "ही कुणाची?"

"आमचीच! आजोबांनी मारलं. एका गोळीत!"

"मालकीचं प्रमाणपत्र आहे?"

"ते कशाला?"

"नसेल तर गुन्हा आहे. अटक होऊ शकते."

अंबरनाथच्या कंपनीतली नोकरी डोळ्यांदेखत जाताना दिसली. "साहेब, नकली आहेत हो ती!"

"पकडलेला प्रत्येक माणूस हेच म्हणतो."

आता शेजारी काय कामाचे असतात ते बघा. पहिल्या मजल्यावरच्या कांबळेकाकू माझी अब्रू वाचवायला धावल्या. "नकली कशी असतील? दहा वर्षं ऐकतोय ना आम्ही!"

तळमजल्याचे म्हात्रे म्हणाले, "मी हात लावून बघितलीत साहेब. एकदम ओरिजिनल!"

बायको तर पदर खोचूनच आली. "आमच्या घरात डुप्लिकेट काही नसतं!"

किती ती माया! मला तुरुंगात पाठवायची पक्की सोय झाली.

"अहो, माझे आजोबा तहसील कचेरीत कारकून होते!" मी हात जोडून ओरडलो. "उंदीर दिसला तरी खुर्चीवर चढायचे!" पण ऐकतंय कोण? खोटं इतकी वर्षं इतक्या निगुतीने सांगितलेलं, की खरं कुणाला पटेचना.

शेवटी साहेबांनी सुई तापवून शिंगाच्या टोकाला टेकवली. जळक्या प्लास्टिकचा वास हॉलभर पसरला. मी एकटाच उड्या मारतोय, "प्लास्टिक! प्लास्टिक!" बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा अटक बरी वाटली.

साहेब म्हणाले, "लेखी लागेल. शिंगं खोटी आहेत, यावर दोन पंचांच्या सह्या द्या."

दोन? अख्खी सोसायटी रांगेत उभी राहिली! आजवर एकाही ठरावावर आमचं एकमत झालं नव्हतं. त्या दिवशी झालं.

पहिली सही आमच्या हिची.