एकोणतीसचा ठोकळा

“कचरा घालून काँक्रीट मजबूत व्हतंय व्हय?” ठोकळे फोडायच्या मशीनवरचे काका मुकादमांना विचारत होते. मी दारातच होते.

कुरुळीच्या आमच्या कारखान्यात काँक्रीटच्या तयार तुळया बनतात. त्यातली थोडी वाळू कमी करून दळलेलं जुनं प्लॅस्टिक घालायची कल्पना माझी होती. त्या मिश्रणाचा ठोकळा २८ दिवस पाण्यात ठेवून आज मशीनखाली आला होता. फुटताना ताकदीचा आकडा २५च्या खाली आला, की प्रयोग बंद.

काकांनी मशीन चालू केलं. कड्कन आवाज झाला.

“लिवा म्याडम, एकोणतीस!”

मी वहीत ३९ लिहिलं. ‘एकोण’ म्हणजे नऊ आणि ‘तीस’ म्हणजे तीस, असा माझा इंग्रजी शाळेतला हिशेब. भाजीवाल्यांनी भाव सांगितला, तरी मी हसून वेळ मारून नेते.

आमचे सर वही बघून नाचायचेच बाकी राहिले. “साध्या काँक्रीटला चौतीस आले होते! प्लॅस्टिकनं ताकद वाढली की काय?” त्यांनी मालकांना फोन लावला.

मला मात्र शंका आली. ताकद थोडी घटेल, असं मीच लिहून दिलं होतं. मी मशीनजवळ गेले. पडद्यावर अजून २९ दिसत होतं.

पलीकडे रिंग वाजत होती.

“सर, फोन ठेवा. ट्वेंटी-नाइन आहे. मला मराठी आकडे येत नाहीत. पण ठोकळा पास आहे.”