परवाना होडीला की तांडेलाला

चिपळूणच्या एका संगणक विक्रेत्याने मिरकरवाड्यातल्या एका तरुणाला फसवलं, आणि मुंबईच्या एका कंपनी प्रतिनिधीने मला फसवलं. पहिल्याला मी पकडला. दुसऱ्याला हात लावायला कायद्यात कलम नव्हतं, म्हणून निवृत्तीनंतरही ते प्रकरण माझ्या डोक्यातून उतरत नाही. नावं कोणाचीच देत नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. मी रत्नागिरीत सहायक पोलीस निरीक्षक होतो. ठाण्याची कामं ठरलेली. बंदरावर मासळीच्या लिलावावरून हाणामारी, हंगामात बागेतून आंब्याच्या पेट्यांची चोरी, सणासुदीचा बंदोबस्त. आमच्याकडे संगणक एकच होता आणि तो कापड घालून झाकलेला असायचा, कारण त्यावर धूळ बसली तर जबाबदार कोण हे ठरलेलं नव्हतं. अशा ठाण्यात एका सकाळी टाय लावलेला एक माणूस आला आणि म्हणाला, "तुमच्या हद्दीत आमचं सॉफ्टवेअर चोरून वापरलं जातंय."

"कसलं सॉफ्टवेअर?"

"व्हिडिओ गेमसाठी पात्रं बनवायचं."

ठाणे अंमलदाराने डायरीत 'भांडी बनविण्याचे यंत्र' असं लिहायला घेतलं होतं. मी त्याला थांबवलं. प्रतिनिधीने समजावून सांगितलं की गेममध्ये जी माणसं पळतात, लढतात, ती या सॉफ्टवेअरवर तयार करतात. नाक, जबडा, खांदे हवे तसे करायचे, आत सांगाडा घालायचा, चालायला शिकवायचं.

आमचे हवालदार, पाच मुलांचे बाप, गंभीरपणे म्हणाले, "माणसं बनवायला परवाना लागतो हे आम्हांला कोणी सांगितलंच नाही."

मी त्यांना बाहेर पाठवलं आणि प्रतिनिधीला विचारलं, "मुंबईत बसून तुम्हांला रत्नागिरीतली चोरी कळली कशी?"

"त्यानेच फोन केला."

तक्रार अशी होती. मिरकरवाड्यातल्या एका तरुणाने कंपनीच्या मदत केंद्राला फोन करून सांगितलं, की माझ्या पात्राने टोपली उचलली की बोटं उलटी वळतात, काय करू? त्यांनी परवान्याचा नंबर विचारला. त्याने ताबडतोब सांगितला. तो नंबर अंधेरीच्या एका स्टुडिओच्या नावावर होता, आणि तो स्टुडिओ केव्हाच बंद पडला होता.

मी फिर्याद लिहून घेतली, पण मनात एक खूण करून ठेवली. चोर चोरीची मोटारसायकल कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंगला नेत नाही.

फिर्याद रीतसर होती, कॉपीराईट कायद्याखाली गुन्हा दखलपात्र होता. पंच घेऊन आम्ही मिरकरवाड्यात गेलो. घर जुन्या तांडेलाचं, म्हणजे ज्याने आयुष्यभर होडी चालवली आणि खलाशी सांभाळले त्याचं. जिन्यावर जाळी वाळत घातलेली, ती बाजूला सारत वर गेलो. माडीवर तिशीच्या आतला त्याचा मुलगा संगणकापुढे बसला होता. पडद्यावर मिरकरवाडा होता. डोक्यावर मासळीचा हारा घेऊन लचकत चालणारी मासळीवाली. बर्फाची लादी खांद्यावर घेतलेला, एक डोळा मिटून चालणारा खलाशी. जाळं फेकणारा एक म्हातारा, फेकताना ज्याचा डावा पाय किंचित उचलला जात होता. असे कितीतरी. दोन वर्षांचं काम. प्रतिनिधी पडद्यापुढे उभा राहिला आणि न राहवून म्हणाला, "हे आमच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं?" मग त्याला आपण कशासाठी आलोय ते आठवलं.

मुंबईच्या एका गेम कंपनीने त्या मुलाला बंदरावरच्या गेमसाठी ही पात्रं करायला सांगितली होती. एकच अट. पात्रं देताना, ती सर्व परवानाधारक सॉफ्टवेअरवर बनवली आहेत असं लिहून द्यायचं. आता संगणक, सीड्या आणि संगणकाच्या पाठीला लावलेला अंगठ्याएवढा एक ठोकळा, ज्याला डोंगल म्हणत आणि ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नसे, असं सगळं मुद्देमाल म्हणून जप्त झालं. तो मुलगा स्वतःबद्दल काही विचारतच नव्हता. "साहेब, आतली माणसं जातील का?" हा त्याचा एकच प्रश्न.

ठाण्यात आणून मी चौकशी सुरू केली. माझा आवाज मोठा आहे आणि त्या दिवशी तो आणखी मोठा होता.

"परवाना कुठे आहे?"

त्याने टेबलावरच्या ठोकळ्याकडे बोट केलं. "हा काय. मशीनबरोबर आलाय."

"मशीन कोणाकडून घेतलंस?"

"चिपळूणहून. जुनं. त्या स्टुडिओचंच होतं. दुकानदार बोलला, परवान्यासकट देतो."

"आणि तू विश्वास ठेवलास? मुंबईत शिकलास ना?"

तो गोंधळला. बाहेरच्या बाकावर बसलेला त्याचा बाप न विचारता आत आला. हवालदार अडवायला गेले, मी हाताने थांबवलं.

"साहेब, मी बोलू? होडी विकली की परवाना कोणाकडे ऱ्हातो?"

"होडीकडे."

"मगे? मी माझी पहिली होडी नाटे गावच्या माणसाकडून घेतली. परवाना होडीबरोबर आला. नाव तेवढं बदलून घेतलं. ह्याने मशीन घेतली, मीच बोललो, परवाना बघून घे. त्याने बघून घेतला. हा काय तुमच्या टेबलावर."

"तांडेल, हे होडीसारखं नाही. हा परवाना मशीनला नसतो, माणसाला असतो. होडीला नाही, तांडेलाला म्हणा. तांडेल गेला की परवाना गेला."

म्हाताऱ्याने ठोकळा उचलून बघितला. मग म्हणाला, "बरं, जाळं चोरीचं निघालं, ते घ्या. पण मासे याने मारलेत. ते का परत दर्यात टाकायचे?"

याचं उत्तर कोपऱ्यात बसलेल्या प्रतिनिधीकडे होतं. "बेकायदा प्रतीवर बनलेलं प्रत्येक पात्र बेकायदा. नष्ट करावं लागेल."

कायद्यात एक शब्द आहे, 'जाणूनबुजून'. संगणकावर चोरीची प्रत वापरणाऱ्याला ती चोरीची आहे हे माहीत असायला हवं, तरच तो गुन्हेगार. या मुलाला माहीत नव्हतं याबद्दल माझी खात्री झाली होती. पण खात्री न्यायालयात चालत नाही. चिपळूणचा दुकानदार फोनवर सरळ म्हणाला होता, "मी कोरी मशीन विकली साहेब. आत काय घातलं त्याचं त्याला माहीत." दुकानदाराच्या तोंडून 'परवाना' हा शब्द निघणं गरजेचं होतं, आणि तो पंचांसमोर निघणं गरजेचं होतं.

बनावट ग्राहक म्हणून दुसऱ्याला पाठवतात. मी स्वतः गेलो. मंडणगडच्या बाजारात आईशेजारी गोणपाटावर बसून मी भाजी विकली आहे. गिऱ्हाईक वस्तूची किंमत करतं तेव्हा खोटं बोलतं आणि विकणारा तिचं कौतुक करतो तेव्हा खोटं बोलतो. पण त्या वस्तूतली एखादी गोष्ट काढून टाका म्हटलं की विकणारा खरं बोलतो. हे मला कोणत्याही प्रशिक्षण केंद्रात शिकवलेलं नाही.

साध्या वेशात, दोन पंचांना नातेवाईक म्हणून बरोबर घेऊन दुकानात शिरलो. भाच्याला गेमची चित्रं काढायचा नाद आहे, सांगितलं. त्याने एक जुनं मशीन दाखवलं आणि भाव सांगितला. मी हसलो.

"एवढ्यात बैलजोडी येते."

"काका, बैलाला सॉफ्टवेअर असतं का?"

"तेच म्हणतो. ते सॉफ्टवेअर काढा. नुसता डबा द्या. भाचा आपलं आपण बघेल."

त्याचा चेहरा पडला. "नुसत्या डब्यात काय ठेवलंय? भंगार आहे ते."

"मग भंगाराचा भाव सांगा."

"काका, तुम्हांला समजत नाही. किंमत डब्याची नाही, परवान्याची आहे. ओरिजिनल. स्टुडिओचा."

"परवाना कसला? मला दिसत नाही."

"हा घ्या, डोळ्यांनी बघा." त्याने खण ओढला आणि ठोकळा माझ्या हातात ठेवला. खणात तसेच आणखी होते. मी ठोकळा उलटा केला. चिकटवलेल्या कागदावर तोच अंधेरीचा नंबर. खणातला दुसरा उचलला. तोच नंबर. तिसराही तोच. नकली ठोकळे करून एकच नंबर तो सगळ्यांना विकत होता.

मी ओळख सांगितली. तो आधी म्हणाला की मी त्याची थट्टा करतोय. मग खण ढकलून बंद करायला गेला. पंचनामा जागेवरच झाला.

रत्नागिरीत परतल्यावर ते ठोकळे तांडेलाला दाखवले. त्याला कागद वाचून दाखवायची गरज पडली नाही. "एकच नंबर सगळ्या होड्यांना?" एवढंच म्हणाला आणि मुलाकडे वळला. "तुला नाय फसवला. मला फसवला. बघून घे मीच बोललो होतो."

मुलाचं नाव आरोपींतून काढून मी त्याला साक्षीदार केलं. पण त्याची पात्रं अडकूनच होती. कंपनीच्या संमतीशिवाय गेमवाले ती घेणार नव्हते. मी प्रतिनिधीला बोलावून घेतलं आणि सौद्याला बसलो. लिहिण्या-वाचण्याची ऐपत मी स्वतः कमावली, पण सौदा माझ्या रक्तात आहे.

"खरा चोर मी तुम्हांला दिला," मी म्हणालो. "आता हा मुलगा तुमचा रीतसर परवाना विकत घेईल. त्या परवान्याखाली तुम्ही त्याची जुनी पात्रं धरून घ्या. तुमचं गिऱ्हाईक वाढलं, त्याचं काम वाचलं."

त्याने आढेवेढे घेतले. वरिष्ठ, धोरण, वकील. मी चहा मागवला, आवाज चढवला, परत खाली आणला. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे साहेब. त्याने परवाना घ्यावा. जुनं काम आम्ही मान्य करू. माझा शब्द."

मिरकरवाड्यात शब्दावर ट्रॉलरभर मासळी विकली जाते. लिलावात बोली तुटली की कोणी कागद मागत नाही. मी तांडेलाला तो शब्द सांगितला. त्या परवान्यासाठी त्याने होडीतला आपला हिस्सा भावाला विकला. मुलगा नको म्हणत होता. म्हातारा म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय ना? मगे गप ऱ्हा."

परवाना आला. मुलाचं नाव त्यावर छापलेलं होतं. आता संमतीचं पत्र येईल म्हणून आम्ही थांबलो. पत्राऐवजी प्रतिनिधी स्वतः आला, बरोबर वकील. म्हणाला, "नवा परवाना नव्या कामासाठी. त्याआधीचं काम बेकायदाच राहतं. ते पुसून टाकायला त्याने संमती द्यावी, नाहीतर आम्ही दिवाणी दावा लावू."

"तुम्ही शब्द दिला होता."

"मी प्रयत्न करतो म्हणालो होतो साहेब."

मी टेबलावर मूठ आपटली. फुलपात्र खाली पडलं. त्याने फक्त पाय मागे घेतला.

असं का झालं ते मला नंतर कळलं. मधल्या काळात चिपळूणच्या दुकानदाराने कंपनीशी समेट केला होता. नकली ठोकळे विकणाऱ्याकडे गिऱ्हाइकं तयार असतात, कंपनीला ती हवी होती. कोकणात त्यांचा अधिकृत विक्रेता म्हणून त्याचीच नेमणूक झाली. न्यायालयात प्रतिनिधीने साक्ष देताना ते खणातले ठोकळे नकली की अस्सल हे 'नक्की सांगता येणार नाही' असं सांगितलं. दुकानदार सुटला. आणि चोरी खपवून घेत नाही हे दाखवायला त्यांना काहीतरी नष्ट करायचं होतं, ते या मुलाचं काम.

दावा लढायला त्या घरात काही उरलं नव्हतं. मुलाने सही केली. मुद्देमाल आमच्या ताब्यात, म्हणून न्यायालयाच्या परवानगीने पुसण्याचं काम ठाण्यातच झालं. पंचनामा माझ्याच हाताखाली, तांडेल आणि मुलगा समोरच्या बाकावर. एकेक पात्र उघडायचं, पंचांना दाखवायचं, पुसायचं. मासळीवाली गेली. बर्फवाला गेला. सीड्या मोडल्या. जाळं फेकणारा म्हातारा आला तेव्हा हवालदारांनी तांडेलाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. चेहरा त्याचाच होता, माझ्या लक्षात इतके दिवस आलं नव्हतं.

तांडेल पडद्याकडे बघत म्हणाला, "पाय बरोबर काढलान हां. मी उचलतो तसा." मग तोही गेला.

गेमवाल्यांनी वाट न बघता दुसऱ्याकडून काम करून घेतलं. मुलगा पुण्याला नोकरीला गेला, जाहिरातींसाठी साबणाच्या वड्या आणि चहाचे कप फिरवतो असं कळलं. माणसं त्याने पुन्हा बनवली नाहीत.

यातून मी काय शिकलो ते वाचणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. सॉफ्टवेअर घेताना वस्तू बघू नका, परवान्यावर नाव कोणाचं आहे ते बघा. जुनं यंत्र घेतलं तर ज्याचा परवाना त्याच्याकडून आणि ज्या कंपनीने तो दिला तिच्याकडून, दोघांकडूनही लिहून घ्या. आपण बनवलेलं काम आपलं राहणार का, हे काम सुरू करण्याआधी विचारा. अडाण्यालाच फसवतात असं नाही. ज्याला आपल्या धंद्याची रीत पक्की माहीत आहे त्याला फसवणं जास्त सोपं असतं, कारण तो दुसऱ्या धंद्यातही तीच रीत धरून चालतो.

तो प्रतिनिधी आता मोठ्या पदावर आहे. सभागृहांमधून कलावंतांच्या हक्कांवर बोलतो, मी वर्तमानपत्रात फोटो पाहिला. त्याला माझं सांगणं आहे. मिरकरवाड्यात या. त्या म्हाताऱ्याच्या दारात उभे राहा आणि ज्याच्याकडून परवान्याचे पूर्ण पैसे घेतलेत त्याच्या मुलाचं दोन वर्षांचं काम कोणत्या न्यायाने पुसलंत, ते त्याला तोंडावर सांगा. मला उत्तर नको. मी फसलो तो माझा सौदा. त्याला उत्तर द्या.