पळस्प्याला उतरलेला शिपाई

पासष्ट सालच्या भाद्रपदात रेडिओवर लढाईच्या बातम्या सुरू झाल्या आणि तुळशीरामची झोप उडाली. मराठा पलटणीत उमेदीची वर्षं काढून तो पनवेलजवळच्या आपल्या गावी, भातशेती आणि मिठागराच्या कामाला परतला होता. नाव मात्र अजून राखीव शिपायांत होतं; सरकार कधीही बोलावू शकत होतं. पण मागल्या उन्हाळ्यात मिठाची पाटी घेऊन तो बांधावरून घसरला, तेव्हापासून उजवा गुडघा धड वाकत नव्हता.

पहाटे तो अंगणात चालायचा. लंगडला की थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून पाय टाकायचा. बायको वेणू दाराआडून बघायची. गुडघ्याचं नाव काढलं की तो ताटावरून उठायचा.

अखेर पलटणीची बोलावण्याची तार आली. गावानं ढोल वाजवत त्याला पनवेलच्या एसटी स्टँडवर पोचवलं. गाडीत चढताना त्यानं दांडा घट्ट धरला, ते फक्त वेणूलाच दिसलं.

मग त्याची काहीच खबर कळेना. वेणूचं कामात मन लागेना. पाणी भरायला गेली की कळशी तशीच ठेवून रस्त्याकडे बघत राही. एक दिवस ओळखीचा कंडक्टर धर्मराज भेटला. तुळशीराम पळस्प्याच्या नाक्यावर दिसला, असं तो चाचरत म्हणाला. वेणू तशीच निघाली.

नाक्यावर लष्करी ट्रकांची रांग थांबली होती. तुळशीराम बादली घेऊन जवानांना पाणी देत होता. दाढी वाढली होती, पाय उघड लंगडत होता. बेळगावला पलटणीच्या डॉक्टरनं गुडघा दाबून बघितला आणि त्याच दिवशी परत पाठवलं होतं. पनवेलपर्यंत यायचा धीर झाला नाही, म्हणून इथंच उतरून तो एका चहावाल्याच्या छपरात राहिला होता.

"घरी चला," वेणू म्हणाली.

"कंच्या तोंडानं येऊ? माज्या बरोबरचे लढाईवर गेले. मी पाणी वाटतोय."

"पाय मोडला तो कामात मोडला. त्यात लपवायचा काय हाय?"

पुढच्या ट्रकमधून कुणी पाणी मागितलं, तसा तो वळला. वेणूनं पदर खोचला आणि चहावाल्याकडून दुसरी बादली मागून घेतली. रांग हलेपर्यंत दोघं पाणी देत राहिली. शेवटचा ट्रक गेल्यावर तुळशीराम रस्त्याकडे बघत उभा राहिला आणि एकदम रडला. वेणूनं त्याला रडू दिलं.

संध्याकाळी, माणसं ओट्यावर बसायच्या वेळेला, ती त्याला घेऊन गावात शिरली. तो ओटा टाळून आडवाटेनं जाऊ लागला, तर तिनं दंड सोडला नाही. ओट्यावर बसलेल्या बळीराम म्हाताऱ्यानं सरकून जागा करून दिली आणि गुडघा फार दुखतो का, एवढंच विचारलं.

लढाई थांबली. बरोबरचे परतले, एक नाही परतला. तुळशीराम त्याच्या घरी बसून आला आणि त्यानंतर किती तरी दिवस, रस्त्यावर मोठी गाडी वाजली की हातातलं काम सोडून उभा राही.