भाऊजींचं कॉन्ट्रॅक्ट संपतं तेव्हा

हॉलंडमधल्या आमच्या नीउ-व्हेनेप गावात भाऊजींना विचारल्याशिवाय दिवा लावणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचाय. अतिशयोक्ती वाटत असेल तर खुशाल वाटू दे. भाऊजी म्हणजे माझ्या सख्ख्या ताईचा नवरा, आणि त्यांचं घर आमच्यापासून सायकलवर चार मिनिटांवर, त्यामुळे मी सांगते ते सगळं डोळ्यांनी बघितलेलं आहे. पोटापाण्यासाठी ते कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसतात, पण ते आपलं नावाला. त्यांचं खरं काम म्हणजे लोकांची विजेची कॉन्ट्रॅक्टं. इथे कंपनीशी एक वर्ष, तीन वर्षं असा दर पक्का करून घेता येतो, आणि मुदत संपल्यावर तुम्ही झोपून राहिलात तर कंपनी तुम्हाला गुपचूप बदलत्या, महागड्या दरावर ढकलते. ज्याचं लक्ष नाही तो गेला बाराच्या भावात. आमच्या भागातलं कोणी असं जाऊ नये म्हणून भाऊजी डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस त्यांना एकदाही आठवलेला नाही, ताईने शेवटी नाद सोडला; पण कोणाचं कॉन्ट्रॅक्ट कुठल्या तारखेला संपतं हे तोंडपाठ. बारशाला गेले तरी पाळण्यात डोकवायच्या आधी बाळाच्या बापाला कोपऱ्यात घेतात. "तुमचं बावीस तारखेला संपतंय ना? आणि आता बाळ आलंय, म्हणजे वॉशिंग मशीन दुप्पट चालणार. काय ठरवलंयत?" बाप बिचारा आठ दिवस धड झोपलेला नसतो, त्याने काय डोंबल ठरवलेलं असणार! मग एका हातात पेढा धरून भाऊजी तिथेच त्याचा लॅपटॉप मागवतात.

त्यांच्या डचची तऱ्हाच वेगळी. इथे येऊन पंधरा वर्षं झाली, पण बेकरीत पाव घ्यायचा तर अजून बोट दाखवतात. डॉक्टरकडे गेले तर जिथे दुखतंय तिथे हात ठेवून चेहरा वाकडा करतात. पण फोनवर विजेच्या कंपनीची बाई आली, की 'मुदतीआधी करार मोडल्यास दंड किती आणि तो कोणत्या हिशोबाने' हे अख्खं वाक्य असं घडाघडा बोलतात, की एकदा त्या बाईने विचारलं, तुम्ही इथलेच का? हे त्यांनी आठवडाभर सगळ्या गावाला ऐकवलं. त्यापुढे तिने हवेबद्दल काहीतरी विचारलं, ते कळलं नाही म्हणून घाबरून फोन ठेवून दिला, हे त्यांनी सांगितलं नाही. ते ताईने सांगितलं.

आणि घासाघीस! इथल्या लोकांना घासाघीस हा प्रकारच ठाऊक नाही. किंमत लिहिलेली असते, ती द्यायची, नाहीतर चालू पडायचं. भाऊजींचं शिक्षण मात्र तुळशीबागेत झालेलं. तिथे कसं, दुकानदार ऐकत नसला की आपण 'राहू दे मग' म्हणून दहा पावलं पुढे जायचं, की तो मागून हाक मारतो. हेच त्यांनी एका कंपनीच्या बाईशी फोनवर केलं. दर ऐकला, सुस्कारा टाकला, 'राहू दे मग' याला डचमध्ये जे काही म्हणत असतील ते म्हणाले, आणि फोन न कापता टेबलावर ठेवून खरोखर दहा पावलं चालत स्वयंपाकघरात गेले. बाईने अर्थातच फोन ठेवला. ताई म्हणाली, "अरे, गेली ती!" भाऊजी म्हणाले, "थांब. हाक मारेल." तीन दिवस कोणाला घरात मोठ्याने बोलायची चोरी. चौथ्या दिवशी त्याच कंपनीचं पत्र आलं, की आपण आमचे जुने ग्राहक, जाऊ नका, आपल्यासाठी खास दर. भाऊजींनी ते पत्र लॅमिनेट करून फ्रिजवर लावलंय. जाणाऱ्या-येणाऱ्याला दाखवतात आणि म्हणतात, "बघा! मारली की नाही हाक?"

एका वर्षी त्यांनी असं कॉन्ट्रॅक्ट शोधलं होतं, की रविवारी दुपारी वीज निम्म्या दरात. झालं! त्या वर्षी त्या घरात सोमवार ते शनिवार काहीही हललं नाही. रविवारी बारा वाजले की एकदम धोबीघाट, गिरणी आणि उडप्याचं हॉटेल एकाच छपराखाली सुरू. मिक्सरमध्ये आठवड्याची चटणी, कुकरवर कुकर, मशीनमध्ये चादरी, वर व्हॅक्यूम क्लीनर. आम्हाला जेवायचं आमंत्रण यायचं ते असं: "रविवारी दुपारी जेवायला या, आणि येताना इस्त्रीचे कपडे आणा." मी नेले हो, खोटं कशाला बोलू? पाच शर्ट आणि माझ्या दोन साड्या. शेवटी त्या दुपारी इतकं सगळं एकदम चालू केलं की घरातली वीजच गेली, आणि आम्ही अर्धवट इस्त्रीच्या ढिगाशेजारी बसून गार आमटी खाल्ली. तरी भाऊजी खुशीत. म्हणाले, "आत्ता तर वीज शून्य चालली आहे!"

माझ्याही डोक्यावर त्यांनी काही कमी मिरे वाटले नाहीत. आम्ही नवीन घरात आलो तेव्हा मी एकदा दाराजवळच्या मीटरच्या कपाटात टॉर्च घेऊन, गुडघे टेकून, आकडे कागदावर उतरवत होते. पुण्यात बाबा उतरवायचे, म्हणून सवय. भाऊजी नेमके तेव्हा आले आणि दारातच पोट धरून हसायला लागले. "अगं, हा स्मार्ट मीटर आहे! तो आपले आकडे आपणच कंपनीला कळवतो. मीटर वाचायला आता जातं का कोणी? वेडी आहेस का तू?" नंतर दोन वर्षं प्रत्येक पार्टीत हा किस्सा, गुडघे टेकण्याच्या अभिनयासकट. माझी मेली मान खाली.

त्यांची एकुलती एक लेक, आमची रेवा, मागच्या वर्षी शिकायला युट्रेख्टला गेली. इथली पोरं अठरा वर्षांची झाली की खोली घेऊन वेगळी राहतात, त्याचं इथे कोणाला काही वाटत नाही. ताईला वाटलं. सामान पोचवायला आम्ही सगळे गेलो होतो, ताई डोळे पुसत पोरीच्या गादीवर चादर घालत होती, मी उगाचच डबे लावत होते. भाऊजी खिडकीबाहेर बघत उभे होते. तेवढ्यात रेवा सहज म्हणाली, "बाबा, इथे इलेक्ट्रिसिटी रेंटमध्येच आहे." भाऊजी गर्रकन वळले. "म्हणजे कितीही वापरली तरी?" "येस, कितीही." त्यांनी खाली वाकून भिंतीतल्या प्लगवर असा हात फिरवला, जसा लोक देवळाच्या उंबऱ्यावर फिरवतात.

पुढच्याच रविवारी भाऊजी निघाले युट्रेख्टला. पाठीवर सॅक, हातात पिशवी. दोन्ही सायकलींच्या बॅटऱ्या, चार पॉवर बँक, ड्रिलची बॅटरी, दाढीचं मशीन, ताईचा टूथब्रश, आणि जाता जाता आमच्या दारावर थाप: "तुमचं काही भरून आणायचंय का?" विजेवरची सायकल आणि तिची बॅटरी उपाशी, म्हणून स्टेशनपर्यंत पायडल मारत घामाघूम. रेवाच्या खोलीवर बॅटऱ्या भरेपर्यंत चार तास बसायचं, पोरीबरोबर जेवायचं, संध्याकाळी परत. एक रविवार चुकला नाही. पावसात गेले, बर्फात गेले, गाड्या बंद होत्या तेव्हा दोन बस बदलून गेले. मी एकदा न राहवून म्हटलं, "अहो भाऊजी, एक बॅटरी भरायला पंधरा सेंटचीसुद्धा वीज लागत नाही, आणि तुम्ही तिकिटाला किती घालवता?" तर म्हणे, "प्रवास वेगळा, वीज वेगळी. दोन्ही गोष्टी एकत्र कालवू नकोस." ज्या माणसाने अर्ध्या सेंटासाठी अख्ख्या गावाची झोप उडवली, तो हे बोलतोय! मी आपला कपाळावर हात मारला.

यंदा वसंतात आक्रीत घडलं. भाऊजींचं स्वतःचं तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, आणि त्यांनी काहीच केलं नाही. ताईला पत्ता नाही. दोन महिन्यांनी बिल वाढून आलं तेव्हा तिला कळलं, की आपण बदलत्या दरावर बसलोय. ती तशीच सायकल हाणत माझ्याकडे आली. "अगं, हा माणूस! गावाला शिकवतो आणि स्वतःच्या घरात हे! विचारलं तर म्हणतो, बघू, बाजार अजून उतरेल. दोन महिने झाले, काय उतरतंय? शेजारच्यांना त्याने परवाच पक्का दर लावून दिलाय!" मला तर शंका आली की भाऊजींची तब्येत बरी नाही. आम्ही दोघी माझ्या लॅपटॉपवर बसलो. दहा मिनिटांत तीन वर्षांचा एक फक्कड दर सापडला, त्यांनी शेजाऱ्यांना दिलेल्या दरापेक्षाही स्वस्त. लॅपटॉप तसाच उघडा घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्यापुढे ठेवला. नुसतं एक बटण दाबायचं राहिलं होतं.

भाऊजींनी दर बघितला. दर चांगला होता हे त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख दिसलं, कारण क्षणभर त्यांचे डोळे चमकले. मग त्यांनी लॅपटॉप हळूच मिटला आणि म्हणाले, "नको."

"नको म्हणजे?" ताई कडाडली. "कारण सांग!"

भाऊजी टेबलावर रविवारसाठी काढून ठेवलेला ताईचा टूथब्रश इकडून तिकडे करत राहिले. "घरात वीज इतकी स्वस्त झाली," ते म्हणाले, "तर मग रविवारी काय सांगून जाऊ?"

ताई म्हणाली, "अरे, तुझी लेक आहे ती. भेटायला आलो म्हणून सांग!" भाऊजींनी मान हलवली. "तसं नाही जमत गं. तिच्या मैत्रिणींचे आईबाप येतात का दर रविवारी? तिला वाटेल, बाप पाळत ठेवायला येतो. बॅटऱ्या घेऊन गेलो की कामाला आल्यासारखं असतं. ती तिचा अभ्यास करते, मी माझ्या बॅटऱ्यांकडे बघत बसतो. कोणी कोणाला काही विचारत नाही. आणि आता पुढच्या महिन्यात ती स्टुडिओत, म्हणजे एका खोलीच्या स्वतंत्र घरात, चाललीय. तिथे विजेचं बिल तिचं तिला. म्हणजे माझं तेही गेलंच." एवढं मोठं भाषण विजेच्या दराशिवाय दुसऱ्या विषयावर त्यांनी केलेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. मला रडूच आलं एकदम. या माणसाला मी वर्षभर चिक्कू म्हणून हसले होते.

पुढच्या महिन्यात रेवा आपली पुस्तकांची खोकी न्यायला घरी आली. ताईने तिला काय सांगितलं होतं, की काहीच सांगितलं नव्हतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं तर ताई छताकडे बघते. रेवाला घरातलं मराठी सगळं कळतं, पण बोलते ती तिच्या पद्धतीने. पोहे खाता खाता म्हणाली, "बाबा, नवीन स्टुडिओत इलेक्ट्रिसिटी इन्क्लुडेड नाहीये. मला कॉन्ट्रॅक्ट घ्यावं लागेल. आय हॅव नो आयडिया कुठलं. तू येऊन बघशील?"

भाऊजी सावरून बसले. "बघतो की. पण ते इथूनही होतं, ऑनलाइन."

"हो, पण देअर इज अ मीटर," रेवा म्हणाली. पोह्यातले शेंगदाणे बाजूला करत होती, वर बघत नव्हती. "तो कोणीतरी वाचायला पाहिजे ना? एव्हरी वीक? मला नाही जमणार बाबा, मी चुकीचं लिहीन."

मी म्हणणारच होते, की अगं बाई, स्मार्ट मीटर असेल तो. तोंड उघडलंसुद्धा. ताईने टेबलाखालून माझ्या पायावर असा पाय दिला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि भाऊजी, ज्यांनी दोन वर्षं माझे गुडघे टेकण्याचे प्रयोग करून दाखवले, ते भाऊजी अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बरोबर आहे. मीटर दर आठवड्याला वाचायलाच हवा. लोक फार दुर्लक्ष करतात." मग घसा खाकरून, "रविवारी येईन मी."

"ओके बाबा," रेवा म्हणाली, आणि बाजूला काढलेले शेंगदाणे त्यांच्या ताटलीत सरकवले. ती लहानपणापासून तसंच करते.

त्याच संध्याकाळी भाऊजींनी स्वतःच्या घराला तीन वर्षांचा पक्का दर लावून टाकला. आम्ही शोधलेला नाही, त्याहूनही थोडा स्वस्त. म्हणजे तब्येत उत्तम होती. आता ते दर रविवारी टॉर्च आणि एक छोटी वही घेऊन युट्रेख्टला जातात. वर, घरी भरलेल्या चार पॉवर बँक तिच्यासाठी नेतात, कारण तिचा दर आपल्यापेक्षा अर्धा सेंट जास्त पडतो. परवा संध्याकाळी ते स्टेशनवरून परतताना मी बागेत उभी होते. सायकल थांबवून उभे राहिले, मला रेवाच्या परीक्षेचं सांगितलं, तिने केलेल्या करपलेल्या पिठल्याचं सांगितलं, तिच्या एका मित्राचं नाव सांगितलं आणि तो बरा वाटतो म्हणाले. मी सहज विचारलं, "आणि मीटरचा आकडा किती आला?"

भाऊजींनी खिशातली वही चाचपली. मग थांबले.

"अरेच्चा," ते म्हणाले, "बघायचा राहिलाच की."