डब्यावरचं नाव

गाडी टोचनवर ओढत आणली तेव्हा दत्ताराम कोळी पुढच्या सीटवर बसूनच होते. बायको मागच्या सीटवर, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून. कोणी खाली उतरेना.

मी पनवेलच्या एका वर्कशॉपमध्ये फ्लोअर सुपरवायझर आहे. दुरुस्त झालेल्या प्रत्येक गाडीच्या जॉबकार्डवर शेवटची सही माझी असते.

"काय झालं?" मी विचारलं.

"पेणला चाललो व्हतो. कर्नाळ्याच्या चढावर गाडीनं दमच सोडला, सावंतसाहेब. मी दाबतोय, इंजिन नुसता ओरडतंय, आन् गाडी पाठी सरकतेय. पाठी ट्रेलर. हँडब्रेक ओढला, तरी हिला धीर नाय. हिनं उतरून चाकाखाली दगड लावला."

त्यांच्या बायकोने मान हलवली.

दत्ताराम जासईला एका कंटेनर यार्डात कामाला. तिथल्या अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. क्लच दाबायला डावा पाय लागतो. ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं पेडल नसतं, म्हणून त्यांनी ही सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली. त्या गाडीमुळे ते पुन्हा एकटे कामावर जाऊ लागले होते.

मी स्कॅनर लावला. गिअरबॉक्स स्लिप होतोय, असा कोड आला. ड्रेन प्लग सैल करून थोडं फ्लुइड ट्रेमध्ये घेतलं. जळकट वास आला. रंग लालसर काळा.

इथे थोडं समजावून सांगतो. इंजिनला जसं ऑइल लागतं तसं गिअरबॉक्सलाही लागतं. साध्या मॅन्युअल गाडीत जाड गिअर ऑइल असतं. नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड. ते पातळ आणि बहुतेक वेळा लाल. दत्तारामांची गाडी सीव्हीटी होती. तिच्यात गिअर बदलत नाहीत. दोन पुलींवर एक स्टीलचा बेल्ट फिरतो. तिचं फ्लुइड वेगळं असतं, कारण त्याने वंगण तर द्यायचंच, शिवाय बेल्टची पुलीवरची पकडही सुटू द्यायची नाही. तिच्यात साधं एटीएफ ओतलं तर पकड सुटते. गाडी काही दिवस ठीक चालते. मग थरथरते. मग चढावर उभी राहते.

मी जुनं जॉबकार्ड काढलं. तीन आठवड्यांपूर्वी फ्लुइड आमच्याकडेच बदललं होतं. मटेरियलच्या रकान्यात एटीएफ. खाली माझी सही.

फ्लुइड विलासने ओतलं होतं. वीस वर्षांचा अनुभव असलेला मेकॅनिक. त्याला बाजूला बोलावून कार्ड दाखवलं. त्याने ते वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

"साहेब, मी तुम्हाला विचारलं होतं. लाल डब्यातलंच ना, म्हणून. तुम्ही फोनवर होता. हो म्हणालात."

मला आठवलं. लाल डबा एटीएफचा. इन्शुरन्सवाल्याशी वाद चालू होता. मी मान वर न करता हो म्हणालो होतो.

मालकांच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं.

"सेकंडहँड गाडी आहे," ते म्हणाले. "बेल्ट आधीच घासलेला असेल. तसंच सांगा त्यांना."

"आधी गाडी चढ चढत होती, सर."

"तुम्ही हे सिद्ध करू शकता?"

"सिद्ध कशाला करायचं? मला माहीत आहे."

त्यांनी समोरची फाइल उघडली. मग म्हणाले, "सांगायचं तर तुम्हीच सांगा. गिअरबॉक्स बदलून द्या, पण मी खाली येणार नाही."

दत्ताराम वेटिंग रूममध्ये होते. मी समोर बसलो आणि सरळ बोललो. चुकीचं फ्लुइड गेलं. चूक विलासची नाही, माझी. गिअरबॉक्स आम्ही बदलून देऊ.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"ही चाकाशी वाकली व्हती," ते हळू म्हणाले. "ट्रेलरवाल्यानं ब्रेक मारला नसता तर?"



गिअरबॉक्स उघडला. पुलीवर खोल ओरखडे होते. वाचवण्यासारखं काही नव्हतं. दुसरा मिळून बसेपर्यंत महिना गेला. तोवर सकाळी मी जासईला सोडतो, असं त्यांना म्हणालो होतो.

"नको. रिक्षा हाय," एवढंच बोलले.

गाडी तयार झाली त्या दिवशी ते फ्लुइड भरण्याआधीच येऊन हजर झाले. कुबडी टेकून बॉनेटपाशी उभे राहिले. "डब्यावर काय लिवलंय ते वाचा. मोठ्यानं."

मी वाचलं. मग गाडीच्या मॅन्युअलमधलं नाव वाचलं. दोन्ही एकच होती. विलास शेजारी उभा होता. ओतायच्या आधी त्याने डबा हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचला.

ट्रायल कर्नाळ्याच्या चढावरच घेतली. दत्ताराम चालवत होते, मी शेजारी. गाडी थरथरली नाही. ते पुन्हा आमच्या वर्कशॉपला आले नाहीत. यावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

मॅन्युअल गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्येच असतं. फ्लुइडचं पान शोधायला दोन मिनिटं लागतात. फ्लुइड बदललं त्या दिवशी मी ती दिली नव्हती.