ताटातली अवंती

विनताच्या गळ्यात सवतीचा टाक होता. दुसरेपणाच्या बायकोने पहिलीची चांदीची प्रतिमा घालायची, ही हिंदी मुलखातल्या चेरीताल मोहल्ल्यातल्या त्या मराठी घराची जुनी रीत. पहिली, म्हणजे अवंती, गेली तेव्हा तिची समिधा तान्ही होती. आता अकराची झाली, पण दिसायची सातची. हातापायांच्या काड्या, पोट तेवढं टम्म. खायची पोटभर, पण खाल्लेलं अंगी लागत नव्हतं.

लोकांचं लक्ष सावत्र आईवर. शेजारीण तोंडावर विचारायची, "काहून जी, पोरीला खायला देता की नाही?" मग विनता ईर्ष्येने भरवायची: तुपातला कणकेचा शिरा, दुधात कुस्करलेली पोळी. पोरगी आणखीच वाळायची.

सासूबाईंनी निदान करून टाकलं. "अवंती जेवून राहिली हिच्या ताटात. तीही अशीच गेली, खात खात."

विनताने ते हसण्यावारी नेलं. पण एका दुपारी जेवता जेवता समिधा शेजारच्या रिकाम्या पाटाकडे बघून म्हणाली, "मम्मी, वो अभी भी भूखी है." विनताच्या गळ्यातला टाक जड लागला.

नवरात्रात सासूबाईंनी पोरीला उपास धरायला लावले. देवीच्या धाकाने अवंती लांब राहील म्हणे. शिंगाड्याचा शिरा, भगर, बटाटे. आणि खरंच पोट उतरलं, पोरगी अंगणात दोरीवरच्या उड्या मारू लागली. दसऱ्याला पुऱ्या झाल्या. संध्याकाळी समिधा ओकून ओकून पिवळी पडली.

"आली परत," सासूबाई म्हणाल्या. "चलो, नदीवर ग्वारीघाटाला नेऊन पोरीला तिच्यातून सोडवू."

विनता मनातून टरकली होती. तरी पोरीला घेऊन ती दवाखान्यात गेली. पोर हातची गेली असती, तर लोक भुताला थोडेच बोलणार होते?

डॉक्टरीणबाईंनी उपासाचं खाणं खोदून खोदून विचारलं, रक्त तपासलं, दुर्बिणीने आतडं पाहिलं. हिला गहू सोसत नाही, म्हणाल्या. आतड्याचं अस्तर झिजलंय, अन्न अंगात शिरतच नाही. गहू जन्मभर बंद. मग विचारलं, "इसकी माँ को भी था क्या? खानदान में चलता है ये."

घरी येऊन विनताने सुटल्यासारखं सगळं सांगितलं. भूतबीत काही नाही, गहू होता. सासूबाई परातीत कणीक मळत होत्या. त्यांचे हात थांबले.

"शेवटी शेवटी अवंती तोंड घट्ट मिटून घ्यायची गं," त्या म्हणाल्या. "नको नको करायची. मी नाक दाबून कणकेचा शिरा भरवला तिला. ताकद यावी म्हणून."

विनताने त्यांना उठवून हात नळाखाली धरले. कणीक काही केल्या सुटेना.