अंगाला न टेकणारा हात

आज मुलाच्या फुटबॉलला तेल चोळताना चामड्याचा वास आला आणि निजामाच्या काळातलं मानवतचं मैदान आठवलं. पोलिसांच्या संघासाठी पोरं निवडायला जमादार आला होता. संघात निवड झाली की पोलिसात नोकरी मिळायची, आणि दादाला ती हवी होती. लहानपणी मोडलेला त्याचा हात वाकडा जुळला होता, अंगाला टेकतच नसे. तो त्यानं लांब बाहीत लपवला होता.

दादाच्या संघाच्या गोलपुढं चेंडू उसळून त्याच हातावर आदळला. पंच म्हणून उभ्या असलेल्या कवायतीच्या मास्तरांनी शिट्टी फुंकली. "हात अंगापासून लांब होता. मुद्दाम लावलास. पेनल्टी!"

"मग हात घरी ठेवून खेळावं का, मास्तर?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

मी रेघेजवळून म्हणाले, "दादा, सांग की, हात अंगाला लागत न्हाई म्हणून."

"गप बस. जमादार बघायलाय."

गोल झाला. जमादारानं दुसराच मुलगा निवडला.

तेव्हा मी मास्तरांना शिव्या घातल्या. पण त्यांनी दिसलं तेच सांगितलं होतं. दादा बोलला असता तर पेनल्टी टळली असती, पण हात उघडा पडून नोकरी गेली असती. गप्प राहून निवडला गेला असता, तरी भरतीच्या तपासणीला सदरा काढावाच लागला असता. हे मला आज कळतं. दादाला त्या दिवशीही ठाऊक असावं.